काळी चिमूट

टरफलं आईकडची.
शेंगाचटणीच्या कारखान्यात ती दाणे निवडते,
उरलेलं पोतं मी अशोक चौकातून
बसमध्ये मांडीवर घेऊन विद्यापीठात नेते.
कंडक्टर विचारतो, शेळ्या किती पाळल्या, बाई?
एकच, म्हणते मी. भट्टी आहे.
सहाशे अंशांवर रवंथ करते.

सकाळी हाती येतं ते काळं,
पण असं काळं
की उजेड आत जातो आणि परतीची वाट विसरतो.
वडिलांना एकदा सांगितलं,
यातल्या एका ग्रॅमची सगळी भोकं, सगळ्या घड्या उलगडल्या
तर हजार चौरस मीटर भरतील.
चाळीस वर्षं जेकॉर्डवर चादरी विणलेला माणूस,
बोटांच्या पेरांवर मोजत बसला.
तीनशेच्या आसपास डबल चादरी, म्हणाले. चिमटीत?
मग बऱ्याच वेळानं :
किनार कुठनं धरायची गं याची?
याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही.

नान्नजच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध
सिद्रामप्पा हत्तुरेंची हीर.
पाच परस खोल, पाणी असं नितळ
की तळाशी पडलेली कुणाचीतरी पितळी कळशी दिसते.
मी सुतळीला बाटली बांधत होते.
अप्पा काठावर येऊन उभे राहिले :
आमच्या हिरीला नावं ठेवाय आलाव?
आणि तांब्या भरून घटाघटा प्यायले, माझ्याकडं बघत.
मेलो का?

नाही, अप्पा.
ते तसं येतच नाही.
छाटणीनंतर एक फवारा, घड धरला की एक,
आणि नुसतं आभाळ आलं म्हणून एक.
वीस वर्षांची ती आभाळं
मुरमातून झिरपत झिरपत खाली गेली,
आणि माझ्या यंत्राच्या कागदावर वर आली.
सरळ रेघ, सरळ रेघ,
मग एकदम सुळका.
क्लोरपायरिफॉस.

तेच पाणी चंचुपात्रात घेतलं, चिमूट टाकली,
वीस मिनिटं ढवळली.
पुडीत थोडं लोखंड मिसळलेलं असतं;
मोडक्या स्पीकरचं चुंबक काचेला लावलं
तसं सगळं काळं एका कडेला जाऊन चिकटलं,
वर्गात मास्तर आल्यासारखं गुपचूप.
पाणी परत यंत्रात.
सरळ रेघ, सरळ रेघ, सरळ.
सुळक्याच्या जागी बारकं टेंगूळ.
तीच चिमूट धुऊन सात वेळा वापरली.
आठव्या खेपेला टेंगूळ वाढलं.
तेही वहीत लिहिलं, खाडाखोड न करता.

हे सगळं अप्पांना दाखवायचं म्हणून
चंबू, चुंबक, बाटल्या घेऊन पुन्हा हिरीवर गेले.
ते उकिडवे बसून बघत राहिले, एक शब्द नाही.
काळं कडेला सरकलं तेव्हा मात्र पागोटं काढलं.
मी वही उघडेपर्यंत
त्यांचं बोट वाटीतल्या ओल्या काळ्यात बुडालं होतं,
आणि बोट कपाळाकडं निघालं होतं,
सवयीनं, बुक्का लावावा तसं.
मी मनगट धरलं.
सत्तरीच्या माणसाचं मनगट, माझ्या मुठीत मावत नव्हतं.
अप्पा, यात तुमची हीर आहे, म्हणाले.
बोट तसंच हवेत राहिलं थोडा वेळ.
मग त्यांनी विचारलं, साबण हाय का?

रात्री आईला सांगितलं, रेघ सरळ झाली म्हणून.
आमच्या घरात आनंद मराठीत होतो, चौकशी तेलुगूत.
एक्कड पोयिंदि? म्हणाली ती.
कुठं गेलं मग ते?

कुठं जाणार.
माझ्या कपाटात आहे, तिसऱ्या फळीवर,
बाटलीवर तारीख, गावाचं नाव, बागेचा गट नंबर.
जाळावं तर धूर, पुरावं तर पुन्हा हीर.
उन्हानं त्याचे तुकडे पडतात का, ते बघायचंय,
मार्चपासून, गच्चीवर.
इथलं ऊन तरी कशाला येईल कामाला?

आईनं सूप खाली ठेवलं,
पदर झटकला,
आणि दुसरं पोतं बांधायला
सुतळी शोधू लागली.